वाक्यरचना आणि सर्जनशील लेखन : मराठीच्या तासाचा एक दुर्लक्षित दुवा

मराठीच्या तासाला निबंध लिहून घेण्याची पद्धत आपल्या शाळांत जुनी आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘माझा आवडता प्राणी’, ‘नदीचे आत्मवृत्त’ हे विषय आजच्या विद्यार्थ्यांच्या आजोबांनीही लिहिलेले असतात. विषय जुने असणे हा दोष नव्हे. पाऊस दरवर्षी नवाच येतो. चिंतेची बाब निराळी आहे. एका वर्गातील चाळीस वह्या उघडल्या, तर बहुतेक वह्यांत पाऊस ‘धो धो’ पडतो, विजा ‘कडाडतात’, मोर ‘पिसारा फुलवून’ नाचतो आणि धरणीमाता ‘हिरवा शालू’ नेसते. ज्या गावात मोर कोणी पाहिलेला नाही, तेथील वह्यांतही तो नाचतो. ओढ्याला पूर आल्यामुळे वस्तीवरची मुले चार दिवस शाळेत येऊ शकली नाहीत, किंवा पत्र्याखाली ठेवलेले सरपण भिजल्यामुळे घरात चूल पेटली नाही, ही हकीकत मात्र वहीत उतरत नाही. ती ‘निबंधात लिहायची’ गोष्ट नव्हे, असे मुलाने धरून ठेवलेले असते.

याचे कारण मुलाच्या कल्पनाशक्तीच्या उणिवेत शोधणे व्यर्थ आहे. तेच मूल मधल्या सुट्टीत मित्रांना पुराची हकीकत सांगते, तेव्हा ती ऐकण्यासारखी असते. त्यात क्रम असतो, संवाद असतो, कोठे थांबावयाचे याचे भान असते. लेखणी हाती घेतली की हे सारे लोपते, कारण लिहिण्याची भाषा ही आपली नव्हे, ती मार्गदर्शक पुस्तकात छापलेली किंवा फळ्यावर उतरवून दिलेली असते, असा त्याचा अनुभव आहे. हाच विद्यार्थी पुढे दहावी उत्तीर्ण होतो आणि शिधापत्रिकेत नाव चढविण्याचा चार ओळींचा अर्ज लिहून घेण्यासाठी कचेरीबाहेर बसलेल्या अर्जनविसासमोर उभा राहतो. दहा वर्षे मराठी शिकल्यानंतर आपली गरज आपल्या वाक्यात मांडता न येणे, हा केवळ गुणपत्रिकेचा प्रश्न राहत नाही.

व्याकरणाचा तास आणि निबंधाचा तास

बहुतेक शाळांत व्याकरण आणि लेखन हे दोन स्वतंत्र विषय असल्याप्रमाणे शिकविले जातात. व्याकरणाच्या तासाला कर्ता, कर्म, क्रियापद ओळखावयाचे, प्रयोगाचे नाव सांगावयाचे. निबंधाच्या तासाला ‘कल्पना’ लढवावयाची. या दोन तासांची एकमेकांशी ओळख नसते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या ग्रंथांनी मराठीच्या रचनेचा जो सूक्ष्म विचार केला, त्यातील परिभाषा शाळेत पोहोचली. विचार पुष्कळसा मागे राहिला. तयार वाक्याचे पृथक्करण करणे आणि नवे वाक्य घडविणे या भिन्न क्रिया आहेत. पृथक्करणाने वाक्य कळते. लिहिता येण्यासाठी तेच वाक्य मोडून, फिरवून, जोडून पाहावे लागते.

यासाठी फार मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. एक साधे वाक्य फळ्यावर लिहावे : ‘आजीने काल गाय विकली.’ आता ‘च’ हे एकच अक्षर त्यात निरनिराळ्या ठिकाणी ठेवावयास सांगावे. ‘आजीनेच काल गाय विकली.’ म्हणजे संशय दुसऱ्या कोणावर होता. ‘आजीने कालच गाय विकली.’ म्हणजे आज कोणीतरी गायीसाठी आले आहे आणि उशीर झाला आहे. ‘आजीने काल गायच विकली.’ म्हणजे विकावयाचे दुसरे काही होते, किंवा अडचण इतकी मोठी होती की शेवटी गायीवर पाळी आली. ‘आजीने काल गाय विकलीच.’ म्हणजे घरात वाद झाला होता, नको नको म्हणणारे पुष्कळ होते, आणि आजीने ऐकले नाही. चार शब्दांचे वाक्य आणि एक अक्षर. पण त्यातून चार कथांची बीजे निघाली. ‘यानंतर काय झाले असेल?’ एवढाच प्रश्न पुढे विचारला की, व्याकरणाचा तास कोठे संपला आणि सर्जनशील लेखन कोठे सुरू झाले, हे मुलांच्या लक्षातही येत नाही.

शब्दांच्या क्रमाचेही असेच आहे. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि बाकीच्या शब्दांना जागा बदलण्याची बरीच मोकळीक असते. तथापि ही मोकळीक अर्थहीन नाही. ‘विहिरीत दगड कोणी टाकला?’ आणि ‘दगड कोणी टाकला विहिरीत?’ ही वाक्ये मोठ्याने वाचली तर दुसऱ्यातील चीड ऐकू येते. क्रियापदाला अगदी लागून असलेल्या शब्दावर पुष्कळदा वाक्याचा भार पडतो. हे नियम म्हणून पाठ करवून घेण्यात हशील नाही. तीच ओळ तीन प्रकारे वाचून दाखविली तर पाचवीतल्या मुलाचा कान ते बरोबर टिपतो.

क्रियापद कोणाचे ऐकते?

मराठी वाक्यरचनेतील खरा अवघड भाग प्रयोगांचा होय, आणि शिक्षकांनी येथे अधिक वेळ देणे अगत्याचे आहे. ‘मुलगा भाकरी खातो’, ‘मुलगी भाकरी खाते’ या वाक्यांत क्रियापद कर्त्याचे ऐकते. भूतकाळात मात्र चित्र पालटते. ‘मुलाने भाकरी खाल्ली’, ‘मुलीने आंबा खाल्ला’ : आता क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही, ते भाकरीचे आणि आंब्याचे लिंग सांभाळते. ‘मांजराने उंदरास पकडले’ असे म्हटले की ते कोणाचेच ऐकत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर उभे राहते. कर्तरी, कर्मणी आणि भावे ही नावे पाठ असलेल्या विद्यार्थ्यालाही, क्रियापदाची निष्ठा अशी बदलते ही गंमत कोणी दाखविलेली नसते.

अडचण पुढेच आहे. ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात ‘मी’ला ‘ने’ लागलेला दिसत नाही. तरीही क्रियापद भाकरीप्रमाणे चालते. उलट ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरलो’, ‘मी पाणी प्यालो’ या वाक्यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्याशीच बांधलेले राहते. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते, ते हे सर्व कानाने शिकून शाळेत येते. ज्याच्या घरी गोंडी, कोरकू किंवा अन्य भाषा आहे, त्याच्यासाठी ही प्रत्येक ओळ म्हणजे एक खाचखळगा आहे. त्याची चूक आळसातून आलेली नसते. त्याने एक नियम नीट पकडलेला असतो आणि तो सर्वत्र लावलेला असतो, आणि हे तर बुद्धीचे लक्षण होय. लाल शाईने फुली मारण्याऐवजी ‘खाल्ली’, ‘आणली’, ‘पाहिली’ एका बाजूस आणि ‘शिकलो’, ‘विसरलो’, ‘प्यालो’ दुसऱ्या बाजूस अशा दोन याद्या वर्गाच्या भिंतीवर वाढत ठेवल्या, तर तेच मूल नवे क्रियापद भेटले की ते कोणत्या यादीत बसवावे, हे विचारू लागते.

कर्ता झाकणारी आणखी एक रचना विद्यार्थ्यांना वरच्या वर्गात अवश्य दाखवावी. ‘रस्त्याची दुरुस्ती करण्यात आली’, ‘तक्रारीची नोंद घेण्यात आली’ अशी वाक्ये गावातील सूचनाफलकावर सहज मिळतात. या प्रकारच्या मासिकांच्या पानांवरही ती कमी नसतात. जेथे कृती महत्त्वाची आणि करणारे कार्यालय सर्वांना ठाऊक, तेथे ही रचना सोयीची आहे. परंतु दुरुस्ती कोणी केली, नोंद कोणी घेतली, हे वाक्य सांगत नाही. आठवीच्या विद्यार्थ्यांना अशी पाच वाक्ये देऊन ‘यात कर्ता कोठे आहे? त्याला वाक्यात परत आणा’ असे सांगावे. काही वाक्यांत तो सहज परत येतो. काही वाक्यांत तो कोण हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग वर्गात जी चर्चा होते ती नागरिकशास्त्राच्या तासालाही उपयोगी पडते.

‘आणि मग’ची साखळी

लहान मुलांच्या लेखनात वाक्ये ‘आणि मग’ने जोडलेली असतात. ‘आम्ही जत्रेला गेलो आणि मग पाळण्यात बसलो आणि मग भेळ खाल्ली आणि मग घरी आलो.’ यात चूक काहीच नाही. घटना घडल्या त्या क्रमाने सांगितल्या आहेत. पण सर्व घटना एकाच उंचीच्या झाल्या आहेत. मराठीकडे वाक्ये जोडण्याचे किती मार्ग आहेत, हे येथे दाखविता येते : ‘जत्रेत शिरताच’, ‘पाळण्यात बसताना’, ‘भेळ खाऊन’, ‘घरी आल्यावर’, ‘जो पाळणा लहानपणी मोठा वाटे तो’. केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यांची व्याख्या यानंतर सांगितली तरी चालते. चार लहान वाक्यांचे एक वाक्य करणे आणि एका लांब वाक्याची चार वाक्ये करणे, असा उलटसुलट सराव आठवड्यातून एकदा दहा मिनिटे झाला तरी पुरे. लांब वाक्य म्हणजे विद्वत्तेचे लक्षण, असा समज मात्र रुजू देऊ नये. मराठी गद्याच्या आरंभीच्या काळातील ‘लीळाचरित्र’ हा म्हाइंभटांचा ग्रंथ छोट्या, बोलत्या वाक्यांनी भरलेला आहे आणि त्यातील प्रसंग सात शतकांनंतरही डोळ्यांपुढे उभे राहतात.

विरामचिन्हांचा विचारही याच अनुषंगाने व्हावा. मोडी लिपीतील जुन्या कागदांत शब्द तोडून लिहिण्याचीही रीत नव्हती. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात आली आणि ती रूढ करण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे ही चिन्हे भाषेला नंतर मिळालेली सोय आहे. श्वास कोठे घ्यावयाचा हे सांगणारी. मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय स्वल्पविराम शिकविता येत नाही.

घरची बोली आणि वहीतील भाषा

अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलाला लिहिताना दुहेरी ओझे उचलावे लागते. त्याला एकाच वेळी काय लिहावे आणि ते ‘शुद्ध’ कसे लिहावे, या दोन्हींचा विचार करावा लागतो. परिणामी ते केवळ खात्रीची, ऐकीव वाक्ये लिहिते. मोर आणि हिरवा शालू येतात ते येथून. प्रमाण भाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्यावे, लिहू द्यावे. नंतर त्यातील निवेदन प्रमाण भाषेत आणावे आणि पात्रांचे संवाद बोलीतच ठेवावे. मराठी कथा-कादंबरीने ही रीत कधीच स्वीकारली आहे. शाळेने तिला बिचकण्याचे कारण नाही.

या बाबतीत महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी शिक्षणाचे जे प्रयोग केले, त्यांत गुरे राखणाऱ्या मुलांसाठीच्या कुरणशाळा होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या कुरणात जावे, आणि तेथील पाने, दगड, पाखरे यांनाच पाठ्यपुस्तक मानावे, ही त्यामागील दृष्टी. भाषेच्या शिक्षणालाही ती तंतोतंत लागू पडते. आणि अक्षरओळख नसणे म्हणजे अभिव्यक्ती नसणे नव्हे, याचे जळगाव जिल्ह्यातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याहून मोठे उदाहरण कोणते द्यावे? त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या-गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती बोली जर कोणी ‘सुधारून’ घेतली असती तर काय उरले असते, याचा विचार लाल शाई हाती घेताना करावा.

शुद्धलेखनाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. मराठी साहित्य महामंडळाने सुचविलेले लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत भर पडली आणि पाठ्यपुस्तकांतून ते स्थिर झाले. पण पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करणे म्हणजे भिंत उभी राहण्यापूर्वीच तिला रंग देणे होय. प्रथम आशय, मग वाक्य, मग शब्द आणि शेवटी वेलांटी, असा तपासणीचा क्रम असावा.

सर्जनशीलतेचे घटक

कथेचे घटक म्हणून पात्र, प्रसंग, स्थळ, संवाद, शेवट अशी यादी फळ्यावर लिहून देण्याची प्रथा आहे. यादी चूक नाही, पण तीमुळे लिहिता येत नाही. लेखनाची सुरुवात निरीक्षणाने होते आणि निवडीने त्याला आकार येतो. ‘आठवडी बाजार’ या विषयावर मूल लिहिते : ‘बाजारात खूप गर्दी होती. लोक आनंदाने खरेदी करत होते. रंगीबेरंगी दुकाने सजली होती.’ येथे शिक्षकाने एवढेच विचारावे, की तू कोठे उभा होतास? तुझ्या शेजारी कोण होते? एखादी गोष्ट अशी झाली का, जी घरी जाऊन सांगावीशी वाटली? अशा प्रश्नांनंतर त्याच विषयाचे लेखन पुढीलप्रमाणे होऊ शकते :

‘दुपारपर्यंत आईच्या मेथीच्या चारच जुड्या गेल्या. ऊन चढले तशी ती जुड्यांवर पाणी शिंपडू लागली. एक बाई म्हणाली, “दहाला दोन देता का?” आईने माझ्याकडे पाहिले आणि दिल्या.’

या चार वाक्यांत अलंकार नाही, सुविचार नाही, गर्दीचे वर्णनही नाही. तरीही ऊन, सुकणारी भाजी, पडलेला भाव आणि आईची अडचण वाचकापर्यंत पोहोचते. ‘आई दुःखी झाली’ असे मुलाने लिहिले नाही. ‘माझ्याकडे पाहिले’ एवढेच लिहिले. आता व्याकरणाकडे पाहावे. ‘ऊन चढले तशी’ या गौण वाक्याने दोन घटना एकमेकींत गुंफल्या. तेथे ‘आणि मग’ आले असते तर घाई गेली असती. शेवटच्या वाक्यात ‘जुड्या’ हा शब्दच नाही. ‘दिल्या’ या क्रियापदाच्या अनेकवचनी स्त्रीलिंगी रूपावरून तो कळतो, कारण कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माचे ऐकते. शब्द गाळूनही अर्थ राहतो, आणि गाळल्यामुळेच वाक्य एकदम मिटते. जो नियम व्याकरणाच्या तासाला रुक्ष वाटला, त्याच्याच आधारावर हा परिणाम उभा आहे. लेखनाचे सौंदर्य आणि वाक्याची रचना या दोन गोष्टी नव्हेत, हे अशा एका उतऱ्यावरून विद्यार्थ्याला दाखविता येते, व्याख्येवरून नाही.

वेळ, तपासणी आणि गाव

चाळीस-पन्नास वह्या तपासावयास वेळ कोठून आणावा, हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. प्रत्येक वही प्रत्येक वेळी तपासलीच पाहिजे, हा आग्रह सोडला तर वाट निघते. रोज पाच वह्या नीट वाचाव्यात, शेऱ्याऐवजी एक प्रश्न लिहावा, आणि परिपाठाच्या वेळी सुविचाराच्या जोडीने एखाद्या मुलाचे एक चांगले वाक्य फळ्यावर जावे. कोल्हापूर येथे १९८५ साली सुरू झालेल्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटील यांनी मुलांच्या लेखनाकडे याच गांभीर्याने पाहिले आणि त्या अनुभवावर विस्ताराने लिहिले. शिक्षकांनी ते मुळातून वाचण्याजोगे आहे. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला स्वतंत्र स्थान आहे. पत्र, बातमी, कथा, प्रसंगलेखन हे प्रकार त्यात येतात. म्हणजे परीक्षेचा अडसर पुढे करण्यासही फारसा आधार नाही. केवळ त्याही प्रकारांचे तयार नमुने बाजारात आले आहेत, हे खरे.

मुलाला आपले लेखन कोणी वाचते आहे असे दिसले की ते दुसऱ्यांदा लिहिण्यास तयार होते. या कामी शाळेबाहेरच्यांचा हातभार लागू शकतो. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. ते प्रत्येक शाळेत येते का, आणि आले तर मुलांच्या हाती पडते का, हे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीला सहज पाहता येईल. शाळेचे वार्षिक हस्तलिखित ही मराठी शाळांची जुनी, सुंदर रीत. तिला लागतात ते जाड कागद, शाई आणि बांधणीचा खर्च; तो ग्रामपंचायतीला जड नाही. ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकाचा एक कोपरा मुलांच्या बातम्यांसाठी राखून ठेवण्यास तर खर्चही नाही. बातमी मुलांनी लिहावी, तीत कोण, कोठे, केव्हा हे स्पष्ट असावे, आणि ‘करण्यात आले’ शक्यतो नसावे.

राहिला प्रश्न पुस्तकांच्या कपाटाचा. पुष्कळ शाळांत ते आहे, त्यात पुस्तकेही बरी आहेत, आणि त्याला कुलूप आहे. पुस्तके फाटतील, हरवतील, हिशेब द्यावा लागेल, ही मुख्याध्यापकांची भीती अनाठायी नाही; साठा नोंदवही त्यांच्याच नावावर असते. फाटलेली पुस्तके निर्लेखित करण्याचे काम समितीने वेळच्या वेळी हाती घेतले आणि किल्ली आठवडाभर सहावीतल्या एखाद्या मुलीकडे सोपविली, तर कोणते पुस्तक कोणी नेले याची नोंद ती स्वतःच्या वाक्यांत ठेवील.